चौदा गोळ्यांची तूट

दिवाळीची साफसफाई ही आमच्या घरी एक मोहीमच असते, आणि तिचे सेनापतिपद अर्थातच आमच्या सौभाग्यवतीकडे. माझी नेमणूक दरवर्षी माळ्यावर होते. परवाच्या मोहिमेत गावाकडून आलेली जुनी पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, तेव्हा तिच्या तळाशी तांबड्या फडक्यात बांधलेले एक लोखंडी हत्यार निघाले. सांडशीसारखे दोन दांडे. टोकाला दोन जाड जबडे. जबडे मिटले की आत एक वाटोळी पोकळी. अकरा वर्षांच्या नातवाने ते दोनतीनदा उघडझाप करून पाहिले आणि विचारले, "आजोबा, हा लाडू वळायचा साचा आहे का?"

सौ. म्हणाली, "एवढासा लाडू कुणाला पुरायचा? सोनाराचे काहीतरी असेल."

मी मात्र ते हत्यार ओळखले. ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या ओतायचा तो साचा होता. माझ्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, लहानपणी एकदाच तो माझ्या हातात दिला होता आणि लगेच परत घेतला होता. खंडेनवमीला आमच्याकडे अडकित्ता, विळी, कात्री, झालेच तर अण्णांचे टाक आणि दौत, सगळ्यांची पूजा व्हायची. हा साचा पूजेला कधी आला नाही.

फडक्यात साच्याबरोबर एक वहीही होती. अण्णा गावचे कुलकर्णी. दोन पैशांचे खोबरे आणले तरी ते वहीत लागायचे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात एवढेच होते : "शिसे ४ शेर, बार्शी. गोळ्या १५०. चाचणी ६. परत १३०. तूट १४." खाली रेघ नाही, सही नाही. उरलेली पाने कोरी.

पैशाची चूक सापडेपर्यंत न जेवणारा माणूस चौदा गोळ्यांची तूट तशीच सोडून वही मिटतो, हे मला काही चैन पडू देईना. वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी होत्या, पण त्या तुटक. शेवटी मी सौ.ला म्हटले, "तुळजापूरला जाऊन पाच वर्षे झाली. जाऊन येऊ या का?" कुलदैवताचे नाव काढल्यावर नकार येणार नव्हता. वाटेत परांडा, बार्शी आणि पुढे नळदुर्ग असा माझा बेत होता, तो मी गाडी इंदापूर सोडेपर्यंत सांगितला नाही.

परांड्याचा किल्ला भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. सपाट काळ्या रानात एकदम खंदक आणि दुहेरी तट उभे राहतात. तो बहामनी वजीर महमूद गावान याने बांधवला असे सांगतात. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर निजामशाहीची गादी काही काळ इथे आली, आणि १६३४ साली शहाजहानच्या फौजेला वेढा उठवून इथून परत जावे लागले. आज आत शिरलात तर गवत, घोरपडी, जुन्या मूर्ती आणि बुरुजांवर आडव्या पडलेल्या तोफा यांचेच राज्य आहे.

इतिहासातली एक फार मोठी तोफही या किल्ल्यात होती. मुलूख-मैदान! ती १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने ओतली. लांबी चौदा फुटांहून अधिक, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंड एवढे की आत माणूस बसावा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या ठासून उडवल्या, असे इतिहासकार सांगतात. पुढे ही तोफ परांड्याला होती आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. अजून ती तिथल्या बुरुजावर आहे. पण १८५४ साली इंग्रज अंमलदारांनी ती मोडीत काढून लिलावात दीडशे रुपयांना विकायलाही काढली होती! सुदैवाने तो सौदा पुढे रद्द झाला. ओतलेल्या धातूचे असे असते. भट्टीतून जे आकार घेऊन येते, ते कुणाच्या तरी मनात आले की पुन्हा भट्टीत जाते. तोफेची घंटा होते, घंटेची तोफ होते.

किल्ल्यातल्या एका अंधाऱ्या दालनात तोफगोळ्यांची रास पडलेली आहे. नातवाने एक गोळा दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला आणि लालबुंद होऊन सोडून दिला.

"आजोबा, हा कुणाला लागला असेल?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "लागला असता तर तो इथे कशाला असता?"

बोलून गेलो, आणि मग माझ्याच ध्यानात आले की मी इथे त्याच प्रश्नासाठी आलो आहे. न उडालेले गोळे मोजता येतात. अण्णांच्या १३० गोळ्यांचा हिशेब लागतो. प्रश्न उरतो तो चौदांचा.

परांड्याहून बार्शी जवळच. आज या रस्त्याने जाताना जिल्हा बदलला हे पाटी वाचूनच कळते. १९४७ साली इथे दोन राज्यांची सरहद्द होती. बार्शी मुंबई इलाख्यात, म्हणजे १५ ऑगस्टला स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानात. आणि उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, स्वातंत्र्यापासून तेरा महिने लांब. संस्थानात रझाकारांची दहशत होती. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. गावे लुटली जात, जाळली जात. माणसे रातोरात बायकामुलांसह बार्शीकडे, सोलापूरकडे निघत. सरहद्दीच्या अलीकडे स्टेट काँग्रेसच्या स्वयंसेवकांच्या छावण्या पडल्या होत्या.

अण्णा गाव सोडून आले नाहीत. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकलेले. स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबादच्या लढ्याचे नेते झाले, त्याआधी ते त्या शाळेत शिक्षक होते. सूत कातलेल्या त्या हातांनी गोळ्या ओतायची वेळ आली, याची अण्णांना लाज होती की नव्हती, ते मी कधी विचारले नाही. गावात पाटलाकडे दोन ठासणीच्या बंदुका होत्या, पण गोळी नव्हती. म्हणून अण्णा एका रात्री चालत बार्शीला आले. त्यांच्या ओळखीचा एक छापखानेवाला होता.

छापखाना आणि गोळ्या यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पूर्वी छपाई खिळ्यांनी होई. एकेका अक्षराचा एकेक खिळा, आणि तो शिशाचा. नुसते शिसे मऊ पडते, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील घालून ते कठीण केलेले असे. छापून छापून खिळे झिजले की ते वजनावर परत जात आणि वितळून नवे येत. त्या छापखान्यात असे झिजलेले खिळे पोत्यात पडले होते. मालकाने चार शेर तोलून दिले. पैसे घेतले नाहीत, मात्र म्हणाला, "कुलकर्णी, उरले तर परत आणा. अक्षरं आहेत ती."

बार्शीत आम्ही ती गल्ली शोधली. छापखाना केव्हाच गेला आहे. त्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक छापणारे दुकान आहे, आणि तिथल्या मुलाला खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा एवढेच ठाऊक. त्याचा काही दोष नाही.

बार्शीहून येडशीमार्गे धाराशिव. २०२३ पासून उस्मानाबादचे हे जुने नाव पुन्हा सरकारी कागदावर आले. येडशीला रामलिंगाच्या दरीत माकडांनी आमचे अर्धे फुटाणे वसूल केले, आणि संध्याकाळी आम्ही तुळजापूरला पोचलो. बालाघाटाच्या कुशीतले हे देऊळ चढून जायचे नाही, पायऱ्या उतरून जायचे. कल्लोळ तीर्थ, गोमुख, कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, हळदीकुंकवाचा सडा, आणि गाभाऱ्यात आठ हातांची भवानी. सौ.ने ओटी भरली. नातू देवीच्या हातांतली शस्त्रे मोजत होता. साचा माझ्या पिशवीतच होता. एकदा वाटले की देवीसमोर ठेवावा. पण अण्णांनी जो कधी पूजेला लावला नाही, तो मी कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्गची वाट धरली. आमचे गाव या वाटेवर, थोडे आत. वाडा आता नाही. चार भिंती, एक बाभूळ आणि तुळशीवृंदावनाचा चौथरा. जिथे मागची पडवी होती तिथे मी नातवाला उभे केले आणि वडिलांनी मला सांगितले होते तेवढे सांगितले.

गोळ्या ओतायला अण्णांना शिकवले ते गावच्या कल्हईवाल्या चाचांनी. साचाही त्यांचाच, कधीतरी मोडीत आलेला त्यांनी ठेवून घेतला होता. कथील, शिसे, भाता आणि पळी हे त्यांचे रोजचे सोबती. रझाकारांचा धाक त्यांनाही होता. "तू आमच्यात का येत नाहीस" असे त्यांना दोनदा दरडावून गेले होते. रात्री पडवीत कोळसे फुलवायचे आणि पळीत खिळे टाकायचे. वडील तेव्हा दहा वर्षांचे, झोपेचे सोंग घेऊन बघत. पळीत आधी अक्षरे दिसत. मग त्यांच्या कडा बोथट होत. आणि मग क नाही, ळ नाही, नुसते चकाकते पाणी. साच्यातून गोळी पडली की चाचा ती फडक्यात धरून तिचे देठ कापीत आणि अण्णांच्या पुढे टाकीत. अण्णा वहीत रेघ ओढीत. चाचा म्हणत, "अण्णा, भांड्याला कल्हई लावली की घरातली बाई दुवा देती. ह्याला कोन दुवा देनार?"

एकदा छावणीतला एक तरुण परदेशी पिस्तूल घेऊन आला. काडतुसे संपलेली. रिकाम्या नळकांड्यांत घरची गोळी बसवून काम भागेल अशी त्याची कल्पना. चाचांनी खटपट केली. पहिला बार निघाला, आणि पिस्तूल अर्धवट उघडे राहून अडकले. दुसऱ्यांदा तर गोळी आतच रुतली. ठासणीची बंदूक बिचारी शेतकऱ्याच्या बैलासारखी. मिळेल ते खाते आणि चालते. हे आपोआप भरणारे पिस्तूल मात्र मोठे नखरेल. आधीच्या बाराच्या धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढचे आत ओढले जाते. धक्का जरा कमी पडला, गोळी केसभर जाड झाली, की सगळा गाडा थांबतो. आणि गोळी नळीत अडकली असताना पुढचा बार झाला तर फुटते ते चालवणाऱ्याच्या हातात. कारखान्यात मोजून केलेल्या वस्तूची नक्कल कोळशाच्या शेगडीवर होत नाही. चाचांनी पिस्तूल परत दिले आणि म्हणाले, "बेटा, हे तुला मारील, दुसऱ्या कुनाला न्हाई." आज असला उद्योग परवान्यावाचून केला तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तुरुंग आहे, आणि चाचांचे ऐकले असते तर कायद्याचीही गरज पडली नसती.

आमच्या गावावर रझाकार आले नाहीत. शेजारच्या गावापर्यंत येऊन गेले. चाचणीच्या सहा गोळ्या सोडल्या तर उरलेल्या १४४ डब्यातच राहिल्या.

मग १३ सप्टेंबर १९४८ उजाडला. सोलापूरकडून हिंदी फौज हैदराबादच्या रस्त्याला लागली, आणि पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल फौजेने झपाट्याने, न मोडता ताब्यात घेतला. १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. गावात गुढ्या उभारल्या गेल्या. अण्णांनी गूळ वाटला.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही मुलांना सांगतो. पुढची सांगत नाही. पण पुढची घडली. रझाकारांनी केलेल्याचा सूड म्हणून, आणि कित्येक ठिकाणी नुसत्या लुटीच्या हावेने, निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित नेहरूंनी पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री यांच्या समितीने आपल्या अहवालात जास्तीत जास्त हानी झालेले चार जिल्हे सांगितले. त्यांत उस्मानाबाद होते. सर्व संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजारी वाचवल्याचेही दाखले त्यातच आहेत.

आमच्या गावात ती रात्र त्याच आठवड्यात आली. बाहेरगावची माणसे होती, आणि त्यांच्याबरोबर गावातलीही. अण्णांनी चाचांची बायको आणि पोरे यांना धान्याच्या बळदात उतरवले, वर ज्वारी ओतली आणि स्वतः दारात बसून राहिले. चाचा घरी नव्हते. दुसऱ्या गावी भांडी घेऊन गेले होते. ते परत आलेच नाहीत.

सकाळी अण्णांनी डबा उघडला आणि गोळ्या मोजल्या. १३०. पुन्हा मोजल्या. वडील सांगत, "अण्णा दिवसभर मोजत होते." डबा कुठे आहे हे पाचसहा जणांना ठाऊक होते. कुणी नेल्या, कधी नेल्या, कुणावर उडाल्या की उडाल्याच नाहीत, हे कधी कळले नाही. आठ दिवसांनी अण्णा उरलेल्या गोळ्या घेऊन बार्शीला गेले आणि छापखान्याच्या तराजूत घालून आले. त्यांची पुन्हा अक्षरे झाली असतील. तुमच्याआमच्या घरातल्या एखाद्या जुन्या पुस्तकात ती असतीलही.

नळदुर्गला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. बोरी नदी अडवून इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत १६१३ साली बांधलेला बांध, त्याच्या पोटातला पाणीमहाल, वर उपळी बुरूज आणि त्यावरच्या तोफा. पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे नर-मादी धबधबे दोन्ही चालू होते. सज्जात उभे राहिले की समोरून पाणी पडते आणि आपण कोरडे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला शंभर नमस्कार घातले तरी थोडेच. नातवाला तिथून हलवायला सौ.ला दोन लाडू खर्ची घालावे लागले.

वडिलांनी सांगितले होते की चाचांची बायको आधी सोलापूरला गेली, आणि तिचा मुलगा पुढे नळदुर्गला येऊन राहिला. दिवाळीचा फराळ आमच्याकडून त्यांना अण्णा असेपर्यंत जाई. मग वडील धाडीत. मग माझ्या हातून ते सुटले. बाजारात विचारत विचारत गेलो. चाचांचा नातू पन्नाशीचा. गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो. हातात झाळणाची काडी, समोर कथील. मी नाव सांगितले. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "अण्णांचे नातू? बसा की काका, असं उभं काय राहताव!"

चहा आला. मी साचा काढून त्याच्यापुढे ठेवला, आणि कसेबसे म्हणालो, "तुमच्या आजोबांचा आहे. आणि वहीत एक हिशेब राहिलाय..."

"चौदा ना?" तो म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यानेच सांगितले. ती रात्र उलटल्यावर, बार्शीहून परत आल्यावर, अण्णा त्याच्या दादीपुढे जाऊन उभे राहिले होते. गोळ्या किती ओतल्या, किती परत केल्या, किती सापडत नाहीत, सगळे त्यांनी तिला सांगितले होते. माझ्याच घरातून गेल्या, असेही सांगितले होते.

"मग दादी काय म्हणाल्या?"

"त्या टायमाला काय बी बोलली न्हाई म्हनं. मागनं मात्र आम्हाला सांगायची, समदं गाव म्हनलं आम्हाला म्हाईत न्हाई, आम्ही बघितलं न्हाई. मोजनारा एकच मानूस निघाला."

त्याने साचा उचलला, दोन्ही जबडे मिटून पाहिले, दांड्यावरची एक खूण अंगठ्याने चाचपली, आणि परत माझ्या हातात दिला. "राहू द्या तुमच्याकडंच. वही तिथं हाय, साचा बी तिथंच बरा. आमच्यात आता ह्याचं काय काम?"

निघताना त्याच्या बायकोने नातवाच्या खिशात शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी कोंबली. गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग नातवाने विचारले, "आजोबा, ती तूट आता खोडायची का?"

"नाही," मी म्हणालो. "हिशेब तसाच ठेवायचा."

साचा पुन्हा फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवला आहे. वही मात्र वर काढली आहे. आणि फराळाचे डबे भरताना या वर्षी सौ.ने न सांगता एक डबा जास्त भरला. त्यावर मी नळदुर्गचा पत्ता लिहिला आहे.